‘१’: तडतड, खर्ज आणि मधली मोकळी जागा

‘पोल’ या नावाने संगीत करणारे जर्मन संगीतकार स्टेफान बेटके यांचा ‘१’ हा पहिला अल्बम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठ निळे. त्यावर कलावंताचा चेहरा नाही, एखादे दृश्यही नाही. आतल्या संगीतात गायन नाही, ड्रमचा ठेका नाही आणि ‘हे अमुक वाद्य’ असे बोट ठेवून सांगता येईल असेही फारसे काही नाही. ऐकू येते ती सतत चाललेली बारीक तडतड, तिच्याखाली संथ चालणारा खोल खर्ज आणि दोन्हींच्या मधे कुठेतरी उमटून विरत जाणाऱ्या कॉर्ड. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर उभा राहिलेला हा अल्बम पाव शतकानंतरही आवर्जून ऐकला जातो. त्यातले वातावरण हे त्याचे कारण म्हणून नेहमी सांगितले जाते. वातावरण हा शब्द मात्र संगीताच्या बाबतीत फार सैल वापरला जातो. रचना वेगळी आणि तिच्याभोवती तरंगणारे धुके वेगळे, अशी काहीशी कल्पना त्यामागे असते. ‘१’ मध्ये ही फारकत करता येत नाही. इथे जागा, अंतर, ओल आणि अंधार हीच रचना आहे, आणि ती कशी बांधली गेली हे बऱ्याच बारकाईने सांगता येते.

सुरुवात एका उपकरणापासून करावी लागते. वाल्डोर्फ या जर्मन कंपनीचा ‘४-पोल’ नावाचा एक ॲनालॉग फिल्टर होता. फिल्टरचे काम साधे. येणाऱ्या ध्वनीतल्या काही वारंवारता पुढे जाऊ द्यायच्या आणि उरलेल्या अडवायच्या. चार पोलांचा फिल्टर ठरवलेल्या मर्यादेपलीकडे दर सप्तकामागे २४ डेसिबलने आवाज खाली आणतो, म्हणजे कड बरीच तीव्र असते. मर्यादेची कळ फिरवली की तोच स्वर झाकोळतो किंवा उजळतो. १९९६ मध्ये बेटके यांच्याकडचा हा फिल्टर खाली पडला आणि बिघडला. त्यानंतर तो आपल्या मर्जीने तडतडू लागला, फुसफुसू लागला, मधेच फुटल्यासारखे आवाज काढू लागला. बेटके यांनी तो दुरुस्त केला नाही. त्याच्या बिघाडातून निघणारे आवाज त्यांनी आपल्या संगीताचा पाया म्हणून वापरले आणि ‘पोल’ हे नावही त्याच उपकरणावरून घेतले.

हा आवाज नेमका कसा आहे? फोडणीत मोहरी टाकल्यावर पहिला कल्लोळ ओसरतो, तेल शांत होते आणि मागे राहिलेले चुकार दाणे एकेक करून उडत राहतात. पुढचा दाणा कधी उडेल हे सांगता येत नाही, पण उडणार हे नक्की असते. ‘१’ मधली तडतड त्या शेवटच्या दाण्यांसारखी आहे. पुष्कळांना पहिल्या ऐकण्यात ती जुन्या, घासलेल्या तबकडीची खरखर वाटते. हा समज कान देऊन ऐकल्यास टिकत नाही. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीवरचा ओरखडा दर १.८ सेकंदांनी त्याच जागी परत ऐकू येतो, कारण तबकडीची एक फेरी तेवढ्या वेळात पुरी होते. बेटके यांच्या तडतडीला असे फेऱ्याचे बंधन नाही. तिच्यात कुठे नियम सापडल्यासारखा वाटतो, तोच तो निसटतो. खर्जाच्या लयीशी ती कधी जुळते, कधी किंचित मागे पडते. ड्रम नसूनही हे संगीत ठेक्याशिवाय वाटत नाही, त्याचे कारण हेच. तालाचे काम तडतड करते, पण मोजून मापून ठेवलेल्या मात्रांनी करत नाही.

बेटके यांचा व्यवसाय लक्षात घेतला की या निवडीचे वजन कळते. ते बर्लिनमधल्या ‘डबप्लेट्स अँड मास्टरिंग’ या स्टुडिओत मास्टरिंगचे काम करत. तबकडी कापण्यापूर्वी ध्वनी तपासणे, खर्ज आटोक्यात ठेवणे, सुई खाचेतून उडणार नाही याची काळजी घेणे आणि नको असलेले आवाज राहू न देणे हे तिथले रोजचे काम. ज्या कानाला प्रत्येक अवांछित ठिपका टिपण्याची सवय आहे, त्या कानानेच हे ठिपके निवडले आहेत. म्हणून ‘१’ मधला बिघाड गचाळ वाटत नाही. प्रत्येक आवाजाभोवती मोकळी जागा आहे, खर्ज स्वच्छ आहे आणि तडतड कुठेही बाकीच्या ध्वनींवर चढून बसत नाही.

या संगीताचे मूळ मात्र बर्लिनमध्ये नाही. ते कॅरिबियन समुद्रातल्या जमैकामध्ये आहे. तिथले ऋण नीट सांगितल्याशिवाय या अल्बमबद्दल काहीही सांगणे अपुरे राहते.

१९६० च्या दशकात जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, संगीत ऐकण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे साउंड सिस्टिम. माणसाहून उंच स्पीकरच्या थप्प्या, घरी बांधलेले ताकदवान ॲम्प्लिफायर, एक तबकडीवादक आणि उघड्या मैदानात नाचायला जमलेली माणसे. दोन साउंड सिस्टिममध्ये चुरस असे आणि दुसऱ्याकडे नसलेली तबकडी आपल्याकडे असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. त्या दशकाच्या अखेरीला रडी रेडवुड यांच्यासाठी एक तबकडी कापताना तंत्रज्ञाकडून गायनाचा भाग घालायचा राहून गेला, अशी हकिगत सांगितली जाते. गायनाविना वाजलेले ते गाणे लोकांनीच भरून काढले, कारण शब्द सगळ्यांना पाठ होते. त्यानंतर एका बाजूला गाणे आणि दुसऱ्या बाजूला त्याची गायनाविना आवृत्ती, म्हणजे ‘व्हर्जन’, छापण्याची पद्धत रूढ झाली. इथेही सुरुवात एका राहून गेलेल्या गोष्टीपासून झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

व्हर्जनचे डब झाले ते ऑसबर्न रडॉक, म्हणजेच किंग टबी, यांच्या हातून. टबी हे मुळात विजेच्या उपकरणांचे कारागीर. रेडिओ दुरुस्त करणे, ॲम्प्लिफायर बांधणे यावर त्यांची उपजीविका होती. किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागातल्या त्यांच्या घरी एक लहानसा स्टुडिओ होता. तिथे वादकांचा ताफा मावत नसे. दुसरीकडे मुद्रित झालेल्या चार पट्ट्यांच्या ध्वनिफिती तिथे येत आणि टबी त्या आपल्या मिक्सरवर पुन्हा मांडत. गायन एका शब्दापुरते येऊ द्यायचे आणि पट्टी बंद करायची. तो शब्द प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. गिटारचा एक आघात ठेवायचा, पुढचे तीन गाळायचे. ड्रम काढून खर्ज एकटा चालू द्यायचा, मग खर्जही काढायचा. त्यांच्या मिक्सरवर एक मोठा फिल्टर होता. त्याची कळ फिरवताच झांजांचा आवाज पातळ होत होत छताला टेकल्यासारखा वाटे. निनादासाठी स्प्रिंगचे यंत्र होते. त्या यंत्रावर हात आपटून ढगांच्या गडगडाटासारखा आवाज काढण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. हे सारे फीत चालू असताना, एका दमात, हातांनी चालत असे. मिक्सरवर बसणारा माणूस इथे वादक झाला. ऑगस्टस पाब्लो यांचा १९७६ चा ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ हा अल्बम ऐकला की ही कला किती नेमकी होती ते कळते.

लंडनपासून बर्लिनपर्यंत ज्याचे अनुकरण पुढे अनेकांना करावेसे वाटले, असे दुसरे नाव ली ‘स्क्रॅच’ पेरी यांचे. १९७३ मध्ये त्यांनी आपल्या घराच्या आवारात ‘ब्लॅक आर्क’ हा स्टुडिओ उभा केला. यंत्रसामग्री बेताची, पट्ट्या चारच. जागा मोकळी करायची तर आधी मुद्रित केलेले आवाज एकत्र करून पुन्हा एका पट्टीवर उतरवावे लागत. दर वेळी असे उतरवताना फितीची सळसळ थोडी वाढे आणि वरचे स्वर थोडे मळत. पेरी यांच्या मुद्रणांतला तो दमट, दाट आवाज काही अंशी याच थरांचा आहे. एरवी दोष म्हणून काढून टाकला असता तो आवाज संगीतात राहू देण्याचा धीर बेटके यांच्या आधी दोन दशके इथे दिसतो.

किंग टबी यांची फेब्रुवारी १९८९ मध्ये त्यांच्या घराबाहेर गोळ्या घालून हत्या झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्लिनची भिंत पडली, आणि १९८९ मध्येच मार्क एर्नेस्टस यांनी बर्लिनच्या क्रॉइट्सबर्ग भागात ‘हार्ड वॅक्स’ हे तबकड्यांचे दुकान सुरू केले. डेट्रॉइटचे टेक्नो आणि जमैकाचे रेगे एकाच छताखाली मिळतील असे ते ठिकाण होते. भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनमध्ये रिकाम्या इमारती, तळघरे, बंद कारखाने यांची रेलचेल झाली. १९९१ मध्ये ‘ट्रेझॉर’ हा क्लब एका जुन्या बहुमजली दुकानाच्या तिजोरीघरात सुरू झाला. काँक्रीट, लोखंड, ओल आणि अंधार यांनी भरलेल्या अशा जागांत संगीत वाजू लागले, तेव्हा त्यातला निनादही त्या जागांचाच झाला.

एर्नेस्टस आणि मोरित्झ फॉन ओसवाल्ड यांनी १९९३ मध्ये ‘बेसिक चॅनल’ या नावाने तबकड्या काढायला सुरुवात केली. डेट्रॉइटचा सरळ चालणारा ठेका आणि टबींची वजाबाकी यांची सांगड त्यांनी घातली. एक आखूड कॉर्ड, तिच्यावर सतत फिरणारा फिल्टर, तिचा प्रतिध्वनी, आणि दहा-पंधरा मिनिटे एवढेच. दोघांनी नाव, चेहरा, मुलाखत यांपासून लांब राहणे पसंत केले आणि तबकड्यांवरची अक्षरेही वाचता येऊ नयेत इतकी पुसट ठेवली. पुढे ‘चेन रिॲक्शन’ या त्यांच्या दुसऱ्या लेबलवर थॉमस कोनर आणि अँडी मेलविग या जोडीचा, म्हणजे ‘पोर्टर रिक्स’चा, ‘बायोकायनेटिक्स’ हा अल्बम १९९६ मध्ये आला. पाण्याखाली वाजत असावे असे ते संगीत आहे आणि या शाखेतला तो दुसरा श्रेष्ठ अल्बम मानायला हरकत नाही. या मंडळींनी जमैकाचे ऋण कधी झाकले नाही. डॉमिनिकाचे गायक पॉल सेंट हिलेअर यांच्याबरोबर त्यांनी काम केले. न्यूयॉर्कमधल्या ‘वॅकीज’ या लेबलचे, मिळेनासे झालेले रेगे त्यांनी पुन्हा छापून बाजारात आणले. बेटके काम करत तो मास्टरिंग स्टुडिओ याच वर्तुळातला. ‘१’ तयार झाला तो या शेजारात.

आता ‘१’ मधली जागा कशी उभी राहते ते पाहू. ऐकणाऱ्याला ध्वनीची दिशा कळते ती मुख्यतः दोन्ही कानांवर तो किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतो म्हणून. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाएवढा असतो, आणि मेंदूला तेवढा पुरतो. क्षणभर उमटून विझणारा, सर्व वारंवारता अंगात असलेला टिक् असा आवाज दिशा ओळखायला सर्वांत सोपा. बेटके यांची तडतड नेमकी अशी आहे. म्हणून तिचा प्रत्येक ठिपका डावीकडे, उजवीकडे, कानाच्या अगदी लगत, ठराविक जागी दिसल्यासारखा वाटतो. तिच्यामागे निनाद जवळजवळ नाही. निनाद नसलेला कोरडा आवाज कानाला जवळचा वाटतो.

खर्जाचे याच्या उलट आहे. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७ मीटर असते, म्हणजे मुंबईतल्या बहुतेक खोल्यांपेक्षा जास्त. असा आवाज कुठून येतो हे कानाला सांगता येत नाही. तो खोलीत असत नाही, खोलीभर असतो. जमिनीतून तळपायांना आणि पाठीमागच्या भिंतीतून पाठीला तो जेवढा कळतो तेवढा कानाला कळत नाही. ‘१’ मधला खर्ज रेगेच्या चालीचा आहे. दोन-तीन स्वर घेतो, मग गप्प बसतो, मात्रा मोकळी सोडतो आणि पुन्हा येतो. या मोकळ्या मात्रा अल्बममधली सर्वांत मोलाची गोष्ट आहेत. खर्ज थांबतो तेव्हा ऐकणाऱ्याचे शरीर त्याची वाट पाहते, आणि त्या वाट पाहण्यातच लय चालू राहते.

तडतड कानाशी आणि खर्ज सर्वत्र, अशी मांडणी झाली की मधे एक प्रचंड पोकळी उरते. कॉर्ड त्या पोकळीत येतात. त्या प्रतिध्वनीसह येतात, आणि इथे डबचे सारे तंत्र कामाला लागते. भौतिकशास्त्राच्या शालेय पुस्तकात प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू येण्यासाठी भिंत किमान १७.२ मीटरवर हवी, असे शिकवतात. ध्वनिफितीच्या यंत्रात ही भिंत पेटीत मावते. एक हेड आवाज मुद्रित करते, फीत थोडी पुढे सरकते आणि दुसरे हेड तोच आवाज वाजवते. दोन हेडमधले अंतर आणि फितीचा वेग यांवरून उशीर ठरतो. वाजलेला आवाज पुन्हा मुद्रणाकडे पाठवला की दुसरा प्रतिध्वनी, मग तिसरा, चौथा. प्रत्येक फेरीत फीत वरच्या स्वरांतले थोडे खाऊन टाकते. पहिली कॉर्ड धारदार, दुसरी बोथट, तिसरीत कड संपलेली, पाचवी-सहावी नुसती छाया. दूरच्या आवाजाचे निसर्गातही असेच होते. हवेतून लांब जाताना वरच्या वारंवारता आधी संपतात, म्हणून लांबच्या मिरवणुकीतला ढोल ऐकू येतो आणि ताशा येत नाही. कान हा नियम जन्मापासून शिकलेला असतो. त्यामुळे बोथट होत गेलेली कॉर्ड ‘कमी झाली’ असे वाटत नाही, ‘लांब गेली’ असे वाटते. पुढे ही कामे अंकीय यंत्रे करू लागली, तरी डबच्या वळणाचा प्रतिध्वनी प्रत्येक पुनरावृत्तीत असाच मळत ठेवला जातो.

फिल्टर या अंतराला हालचाल देतो. मर्यादा खाली आणली की कॉर्ड दाराआड जाते, वर नेली की दार किलकिले होते. ‘१’ मधली बरीचशी घडामोड या दाराशी चालते. सुरावट म्हणावी असे काही पुढे सरकत नाही. कॉर्ड तीच असते, पण ती कुठून ऐकू येते ते बदलत राहते. ‘मोडुल’ या पहिल्या रचनेपासून हा करार ऐकणाऱ्याशी होतो: इथे कथा पुढे जाणार नाही, जागा उलगडत जाईल. हा करार मान्य नसलेल्याला अल्बम कंटाळवाणा वाटतो. त्यात त्याची चूक नाही. पण ‘काहीच घडत नाही’ ही तक्रार मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. एखादी कॉर्ड धरून तिच्या मागे शेवटच्या प्रतिध्वनीपर्यंत गेले, तर ती विरण्यापूर्वी तिच्यात काय काय होते ते मोजता मोजता पुढची कधी आली ते कळत नाही.

जमैकाच्या डबहून ‘१’ वेगळा पडतो तो एका मूलभूत मुद्द्यावर. टबी यांच्या प्रत्येक डबमागे खरे गाणे होते आणि मैदानातल्या माणसांना ते पाठ होते. शब्द गाळला की त्याची उणीव जाणवे आणि ती जाणवणे हाच आनंद होता. शिवाय त्या मोकळ्या जागेत एखादा तबकडीवादक माइक घेऊन आपले बोल म्हणत असे. डब ही माणसांनी भरण्यासाठी रिकामी केलेली जागा होती. ‘१’ मागे कोणतेही गाणे नाही. अस्तित्वातच नसलेल्या गाण्याची ही आवृत्ती आहे. तरीही ऐकताना काहीतरी गाळले गेल्याची जाणीव होत राहते, कारण गाळण्याची सारी चिन्हे जागच्या जागी आहेत: अचानक थांबणारा खर्ज, मूळ आवाज नसताना राहिलेला प्रतिध्वनी, कडा पुसलेली कॉर्ड. कशाची आठवण ते ठाऊक नाही, पण आठवण येते आहे, असा काहीसा अनुभव ऐकणाऱ्याला येतो. या अल्बमला पुष्कळजण ‘उदास’ म्हणतात ते यामुळे. खरे तर त्यात उदास स्वरावली फारशी नाही. उदासी रिकाम्या जागेची आहे.

ऐकण्याचे ठिकाणही बदलले. किंग्स्टनचे डब उघड्यावर, शेकडो माणसांत वाजे. बेसिक चॅनलच्या तबकड्या तळघरांत नाचण्यासाठी होत्या. ‘१’ घरात, एकट्याने, बहुधा बसून ऐकण्याचा अल्बम आहे. त्यात काही हरवले हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. माइक घेऊन पुढे येणारा माणूस या जागेत नाही, आणि जमैकाच्या डबमधला समूहाचा श्वास इथे सापडत नाही. पण जे मिळाले तेही अस्सल आहे. एकट्या माणसाभोवती आवाजाने खोली बांधणे, आणि ती खोली त्याला कोंडणार नाही एवढी मोठी ठेवणे, हे सोपे काम नाही. रचनांची नावेही या घरगुतीपणाला शोभणारी आहेत. ‘किर्शेनएसेन’ म्हणजे चेरी खाणे, ‘लाखेन’ म्हणजे हसणे, ‘टान्झेन’ म्हणजे नाचणे. अवकाश, यंत्रयुग, भविष्य अशा मोठ्या शब्दांचा त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक संगीताला असलेला सोस इथे नाही.

१९९८ हा काळही महत्त्वाचा. घरोघरी कॉम्पॅक्ट डिस्क पोहोचली होती आणि ‘स्वच्छ आवाज’ ही तिची जाहिरात होती. खरखर नसणे हाच ध्वनीचा उत्कर्ष, असे दीड दशक सांगितले गेले होते. त्याच डिस्कवर कुणी मुद्दाम तडतड आणून ठेवली, तेव्हा ऐकणाऱ्यांना तिच्यात काही ओळखीचे, मायेचे सापडले. अशा प्रयत्नांत बेटके एकटे नव्हते. ‘ओव्हल’ या जर्मन गटाने खरवडलेल्या, अडखळणाऱ्या डिस्कमधून १९९५ चा ‘९४ डिस्कॉन्ट’ हा अल्बम घडवला होता. पुढे २००० मध्ये ‘मिल प्लाटो’ या लेबलने ‘क्लिक्स अँड कट्स’ हे संकलन काढले आणि बिघाडातून संगीत करणाऱ्यांची एक शाखाच नजरेत आली. त्या शाखेतले बरेचसे काम आज कोरडे, प्रयोगशाळेतले वाटते. ‘१’ तसा वाटत नाही. याचे श्रेय खर्जाला आहे. बिघाडाला जमैकाचा पाया मिळाल्यामुळे तो शरीराला कळला.

बेटके यांनी याच सामग्रीवर आणखी दोन अल्बम केले. १९९९ चा ‘२’ लाल मुखपृष्ठाचा, २००० चा ‘३’ पिवळ्या. ‘३’ मध्ये खर्ज अधिक भरदार आहे आणि रेगेशी नाते अधिक उघड आहे. डब आवडणाऱ्या अनेकांचा कल त्याकडे असतो. तरीही तिघांत ‘१’ च सरस मानावा लागतो, कारण त्यात शोध अजून चालू आहे. तडतड अजून शैली झालेली नाही, ती अजून आश्चर्य आहे. १९९९ मध्ये बेटके यांनी ‘स्केप’ हे लेबल सुरू केले. यान येलिनेक यांचा २००१ चा ‘लूप-फाइंडिंग-जॅझ-रेकॉर्ड्स’ याच लेबलवर आला. जुन्या जॅझ तबकड्यांतले कणभर तुकडे घेऊन केलेला तो अल्बम ‘१’ च्या वाटेवरचा सर्वांत सुंदर मुक्काम आहे. नंतर बेटके यांनी स्वतः तडतड सोडून दिली. हाती लागलेले यश तिथेच ठेवून पुढे जाण्याचा हा निर्णय त्यांच्या मोठेपणाचा मानला पाहिजे.

अनुकरण मात्र थांबले नाही. आज तबकडीची खरखर, फितीची सळसळ, मळका प्रतिध्वनी हे सारे संगणकावर एका कळीने मिळते, आणि अभ्यास करताना लावायच्या, झोपताना लावायच्या कितीतरी गाणेमालांवर ते शिंपडलेले असते. यातल्या बहुतेक ठिकाणी खरखर काढून टाकली तरी खालचे गाणे जसेच्या तसे राहते. तिथे ती नुसता रंग आहे. ‘१’ मधून तडतड काढली तर ताल जातो, जवळचे-लांबचे ठरवणारे माप जाते आणि खर्जाच्या मोकळ्या मात्रा नुसत्या पोकळ होतात. वातावरणप्रधान म्हणवणाऱ्या कोणत्याही अल्बमला ही कसोटी लावून पाहावी. थोडेच अल्बम तीत उतरतात.

‘१’, ‘२’ आणि ‘३’ हे तिन्ही अल्बम २०२० मध्ये ‘म्यूट’ या लेबलने एकत्र पुन्हा प्रसिद्ध केले, त्यामुळे ते मिळवणे आता अवघड नाही. ऐकण्याची एक अट मात्र पाळली पाहिजे. मोबाइलचा स्पीकर काही शे हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काहीच वाजवत नाही. त्यावर ‘१’ लावला तर खर्ज पूर्ण नाहीसा होतो आणि उरते ती निव्वळ तडतड. एवढे ऐकून या अल्बमवर मत देणे अन्यायाचे आहे. खर्ज नीट वाजवणारे स्पीकर किंवा बरे हेडफोन घ्यावेत, दुसरे काम हाती ठेवू नये आणि ‘मोडुल’ पासून क्रमाने शेवटपर्यंत ऐकावे. आवडला तर त्यानंतर लगेच ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ लावावा.